गायाचा तारासंग्रह: ग्रहधारी ताऱ्यांचे सोबती शोधायला कितपत उपयोगी?

युरोपीय अंतराळ संस्थेच्या गाया यानाने मोजलेल्या ताऱ्यांचा संग्रह कोणालाही विनामूल्य वापरता येतो. गेले काही महिने मी तो एकाच कामासाठी वापरत आहे. ज्या ताऱ्यांभोवती ग्रह सापडले आहेत, त्यांपैकी कोणाला दुसऱ्या ताऱ्याची सोबत आहे, एवढेच मला पाहायचे होते. हौशी अभ्यासकाला घरबसल्या करता येण्याजोगे, तरीही खऱ्या अर्थाने उपयोगी असे हे काम आहे. संग्रहाचे इतर उपयोग पुष्कळ आहेत, पण हे परीक्षण या एका कामापुरतेच आहे.

सोबती शोधण्याची गरज का पडते, हे आधी सांगायला हवे. बरेचसे बाह्यग्रह (सूर्याखेरीज इतर ताऱ्यांभोवतीचे ग्रह) अधिक्रमणातून सापडले आहेत, म्हणजे ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो त्यावरून. केप्लर दुर्बिणीच्या कॅमेऱ्यातील एक चित्रबिंदू आकाशातील सुमारे 4 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) होता, तर टेस या ग्रहशोधक दुर्बिणीचा सुमारे 21 विकलांचा आहे. त्यामुळे शेजारच्या ताऱ्याचा प्रकाशही त्याच मापात मिसळतो आणि घट आहे त्याहून उथळ दिसते. दोन तारे सारखेच तेजस्वी असतील, तर घट निम्मी भरते आणि ग्रहाची खरी त्रिज्या काढलेल्या त्रिज्येच्या सुमारे 1.41 पट निघते. ग्रह दोघांतील मंद ताऱ्याभोवती फिरत असेल, तर चूक याहून मोठी होते. खडकाळ म्हणून नोंदलेला ग्रह प्रत्यक्षात वायूचे जाड आवरण असलेला असू शकतो, तो असा. दुसरे कारण कक्षेचे आहे. सप्तर्षीतील एचडी 80606 या ताऱ्याच्या ग्रहाची कक्षा धूमकेतूसारखी लांबट आहे. तिची विकेंद्रता (लांबटपणाचे माप, वर्तुळासाठी 0) 0.93 आहे, आणि तिचे मूळ सुमारे 20 विकलांवर असलेल्या एचडी 80607 या जवळजवळ जुळ्या ताऱ्याच्या दीर्घकालीन ओढीत शोधले जाते. सोबती माहीत नसता, तर ही कक्षा कोडेच राहिली असती.

आता संग्रहाकडे वळतो. जून 2022 मध्ये आलेल्या तिसऱ्या प्रकाशनात सुमारे 181 कोटी ज्योती (आकाशातील प्रकाशबिंदू, बहुतेक तारेच) आहेत, आणि त्यांपैकी सुमारे 146 कोटींचे स्थान, पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किती हललेला दिसतो ते; तो जितका मोठा तितका तारा जवळ) आणि निजगती (ताऱ्याचे आकाशावरचे दरवर्षीचे सरकणे) अशी तिन्ही मापे दिलेली आहेत. पंधराव्या प्रतीपर्यंतच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा मंद) ताऱ्यांच्या पराशयातील अनिश्चितता 0.02 ते 0.03 सहस्रांश विकला इतकी कमी आहे. सोबती ओळखण्याची कसोटी नेमकी याच मापांवर उभी असते. दोन तारे आपल्यापासून सारख्याच अंतरावर असतील आणि आकाशात एकाच दिशेने, जवळपास सारख्याच गतीने सरकत असतील, तर ते योगायोगाने शेजारी दिसत आहेत असे म्हणणे अवघड होते. पूर्वी यासाठी वर्षानुवर्षांच्या अंतराने घेतलेली छायाचित्रे ताडून पाहावी लागत. आता तेच काम संग्रहाच्या विदागाराला पाचसहा ओळींचा प्रश्न (क्वेरी) लिहून होते.

माझा पहिला प्रश्न 55 कँक्री या ताऱ्याविषयी होता. कर्क राशीतील हा सहाव्या प्रतीचा तारा पाच ग्रहांचा धनी आहे आणि 12.6 पार्सेकवर (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षे) आहे. त्याला एक लाल बटू सोबती असल्याचे आधीपासून माहीत होते, म्हणूनच चाचणीसाठी तो निवडला. दोन कलांच्या (कला म्हणजे 60 विकला) त्रिज्येत शोध घेतल्यावर उत्तरात ज्या मोजक्या ओळी आल्या, त्यांपैकी बहुतेकांचे पराशय एकदोन सहस्रांश विकलांचे किंवा त्याहूनही कमी होते. हे सारे दूरचे, पार्श्वभूमीवरचे तारे. दोन ओळींत मात्र पराशय साडेएकोणऐंशी सहस्रांश विकलांच्या आसपास होता. एक ओळ खुद्द ताऱ्याची होती आणि दुसरी 85 विकलांवरच्या मंद तांबूस ताऱ्याची. 85 ला 12.6 ने गुणले की सुमारे 1070 ज्योतिषीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी ते सूर्य अंतर) हे दोघांमधील आकाशावरचे अंतर मिळते. मी गणित कागदावर मांडले, आणि ते जमले तेव्हा झालेला आनंद लपवण्याचे काही कारण नाही.

दुसऱ्याच दिवशी मी तोंडघशी पडलो. ग्रहधारी ताऱ्यांच्या माझ्या यादीतील सगळे तारे एकदम ताडावेत म्हणून 2000 सालची स्थाने घेऊन दोन विकलांच्या त्रिज्येत जुळणी लावली, तर 55 कँक्रीच यादीतून गायब! चूक संग्रहाची नव्हती, माझी होती. गायाची स्थाने 2016 सालची आहेत आणि हा तारा वर्षाला सुमारे 0.54 विकला सरकतो, म्हणजे सोळा वर्षांत साडेआठ विकलांहून अधिक. जवळच्या ताऱ्यांची निजगती मोठी असते, आणि आपल्याला शोधायचे असतात ते बहुतांशी जवळचेच तारे. त्यामुळे स्थाने आधी 2016 ला आणून मगच जुळणी लावावी.

कसोटी किती कडक ठेवायची, हा यापेक्षा नाजूक प्रश्न आहे. नवखा माणूस दोन्ही ताऱ्यांची निजगती तंतोतंत सारखी असावी असा आग्रह धरतो आणि खरे सोबती गमावतो. सोबती एकमेकांभोवती फिरत असतात आणि ती कक्षीय गती निजगतीत मिसळते. 50 पार्सेकवरील, 100 एकके अंतराच्या जोडीत ही गती सेकंदाला तीन किलोमीटरांहून अधिक असू शकते, म्हणजे आकाशावर वर्षाला 14 सहस्रांश विकलांच्या घरात. गायाच्या अचूकतेच्या मानाने हा फरक डोंगराएवढा आहे. पराशयाचेही तसेच. सूर्याला सर्वांत जवळच्या प्रॉक्झिमा या ताऱ्याभोवती ग्रह आहे आणि मित्र (अल्फा सेंटॉरी) ताऱ्याची जोडी ही त्याची सोबत आहे, पण प्रॉक्झिमाचा पराशय 768 आणि त्या जोडीचा सुमारे 750 सहस्रांश विकला आहे. प्रॉक्झिमा आपल्याला खरोखरच थोडा जवळ असल्यामुळे हा फरक पडतो. शिवाय ती जोडी प्रॉक्झिमापासून आकाशात दोन अंशांहून दूर आहे. थोडक्यात, शोधाची त्रिज्या कलांमध्ये न ठरवता ताऱ्याच्या अंतरावरून ज्योतिषीय एककांत ठरवावी. इतके करूनही मित्र ताऱ्याची जोडी या संग्रहात मिळणार नाहीच, कारण इतके तेजस्वी तारे गायाला मोजता आलेले नाहीत.

सर्वांत मोठी मर्यादा मात्र दूरच्या नव्हे, जवळच्या सोबत्यांची आहे. एका विकलेहून कमी अंतरावरील मंद तारा संग्रहात असेलच असे नाही, आणि अर्ध्या विकलेच्या आत तर नसण्याचीच शक्यता अधिक. 100 पार्सेकवर अर्धी विकला म्हणजे 50 एकके, आणि ग्रहांची जडणघडण बिघडवण्याची ताकद सर्वाधिक असते ती याच टापूतील सोबत्यांत. त्यात आणखी एक छुपा खड्डा आहे. सुमारे 34 कोटी ज्योतींचे केवळ स्थान दिलेले आहे, पराशय दिलेला नाही, आणि अगदी जवळच्या जोडीतील दुसरा तारा पुष्कळदा यांतच मोडतो. पराशयाची अट घातली की अशा ओळी निमूटपणे गळून पडतात. म्हणून मी पहिल्या पाच विकलांसाठी कोणतीही अट न घालता वेगळा प्रश्न विचारतो आणि आलेल्या ओळी एकेक करून डोळ्यांखालून घालतो. काम कंटाळवाणे आहे, पण त्याला पर्याय नाही. इतक्या जवळच्या ताऱ्यांच्या निळ्या आणि तांबड्या प्रकाशाची मापेही एकमेकांत मिसळतात, त्यामुळे सोबत्याचे वस्तुमान रंगावरून न काढता तेजस्वितेवरून काढावे.

वेगळा न दिसणारा सोबती अप्रत्यक्षपणे हेरायची सोय संग्रहात आहे. एका ताऱ्याची सरळ चाल गृहीत धरून मोजमापे किती नीट बसतात, हे सांगणारा ‘रूवे’ नावाचा आकडा प्रत्येक पूर्ण ओळीत असतो. तो 1 च्या आसपास असावा आणि 1.4 च्या वर गेला तर संशय घ्यावा, असा संकेत आहे. मी याला पुरावा मानत नाही, पण पुढे कोणते तारे मोठ्या दुर्बिणीतून, अनुकूली प्रकाशिकी (हवेमुळे येणारा धूसरपणा काढून टाकणारे तंत्र) वापरून पाहायला हवेत याची यादी करायला तो उत्तम आहे. याखेरीज आठ लाखांहून अधिक ताऱ्यांचे युग्मतारे म्हणून केलेले विश्लेषण वेगळ्या तक्त्यांत दिले आहे, तेही पाहावे.

या संग्रहातून किती मिळते, याचा अंदाज जर्मनीतील येना येथील खगोलशास्त्रज्ञ मार्कुस मुगराउअर यांच्या 2019 च्या शोधावरून येतो. दुसऱ्या प्रकाशनाच्या आधारे त्यांनी सुमारे 500 पार्सेकच्या आतील 1300 हून अधिक ग्रहधारी तारे तपासले, तेव्हा निदान 15 टक्क्यांना सोबती आढळला. सूर्यासारख्या ताऱ्यांत एकूण सोबतीचे प्रमाण मात्र निम्म्याच्या जवळपास आहे. या तफावतीवरून ग्रहधारी तारे एकलकोंडे असतात असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि त्यात काही तथ्यही असावे, कारण जवळचा सोबती ग्रह बनण्याच्या आड येतो. पण ग्रहशोधक जवळच्या जोड्या मुळातच टाळतात आणि गायाला त्या दिसत नाहीत, ही दोन्ही कारणे त्या आकड्यात मिसळलेली आहेत.

वापरण्याच्या सोयीविषयी फारशी तक्रार नाही. प्रश्नांची भाषा विदागार हाताळणाऱ्यांना परिचित वाटेल, इतरांना ती आठवडाभरात येते. नोंदणी न करताही प्रश्न विचारता येतात, आणि नोंदणी केली तर स्वतःची तारकायादी चढवून ठेवता येते. उत्तरे टॉपकॅट या तक्ते पाहण्याच्या प्रणालीत उघडावीत आणि शंका आली की त्याच जागेचे जुने छायाचित्र अलादीन या आकाशचित्रांच्या प्रणालीत पाहावे. स्वतः प्रश्न लिहायचा नसेल, तर करीम एल-बदरी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये दिलेल्या दहा लाखांहून अधिक जोड्यांच्या यादीत आपला तारा आहे का ते आधी पाहावे. रुंद जोड्यांसाठी मी या संग्रहाला जवळजवळ पूर्ण गुण देईन, जवळच्या जोड्यांसाठी काठावर पास करीन.

गायाची निरीक्षणे जानेवारी 2025 मध्ये थांबली. चौथे प्रकाशन डिसेंबर 2026 मध्ये येणार आहे, आणि त्यात 34 ऐवजी 66 महिन्यांची निरीक्षणे असतील. प्रत्येक वेळचे सुटे मापही मिळणार असल्यामुळे ताऱ्याचे डुलणे स्वतः तपासता येईल. तोवर माझ्या वहीत ‘एकटा’ असा शेरा मी लिहीत नाही. ‘एका विकलेपलीकडे, विसाव्या प्रतीपर्यंत सोबती दिसला नाही’ असे लिहितो, आणि शेजारी रूवेचा आकडा टिपून ठेवतो.