केळीवर पीएचडी करायची, तर फेलोशिप कोणती घ्यावी?

एमएस्सी बॉटनी झालेली मुलं भेटली की आधी विचारतात, "मॅडम, पैसे कशात जास्त मिळतात?" मी त्यांना उलट विचारते, रावेर-यावलच्या केळीच्या बागांत महिन्यातून किती दिवस जाणार आहात? पिकावर काम करायचं आणि जे कळेल ते शेतकऱ्यालाही सांगायचं, असं ठरलं असेल तर फेलोशिपची निवड याच उत्तरावर होते.

सीएसआयआर-यूजीसी नेट या राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, घ्या. जानेवारी 2023 पासून पहिली दोन वर्षं महिन्याला 37,000, मग एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ फेलो, झाल्यावर 42,000, शिवाय घरभाडं. सगळी मिळून पाच वर्षं. ही फेलोशिप तुमच्या स्वतःच्या नावावर असते. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात राहून काम करता येतं, घर सोडावं लागत नाही. अडचण कंटिन्जन्सीची, म्हणजे रसायनं-प्रवास अशा खर्चासाठीच्या रकमेची. सीएसआयआरची वर्षाला 20,000 मिळते. विषाणूवर काम असेल तर आरएनए काढायचं किट आणि पीसीआरची रसायनं घेतानाच ती संपते, मग गावोगाव फिरायचं पेट्रोल खिशातून.

केंद्राच्या विज्ञान विभागाच्या इन्स्पायर फेलोशिपची रक्कम जेआरएफइतकीच, वाट मात्र वेगळी. विद्यापीठात पदव्युत्तर परीक्षेला पहिला क्रमांक असेल तर अर्ज करायलाच हवा.

पंतप्रधान संशोधन फेलोशिप पाहिली की डोळे दिपतात. पहिल्या टप्प्यात सुरुवातीची दोन वर्षं 70,000, तिसऱ्या वर्षी 75,000, शेवटची दोन 80,000, आणि संशोधनासाठी वर्षाला 2 लाख असे दर होते. तीत जवळच्या महाविद्यालयात, तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयत शिकवण्याची अटही होती, आणि ती मला मनापासून आवडली. पण त्यासाठी आयआयटी, आयआयएस्सी, आयसर अशा निवडक संस्थांत जावं लागतं. पुण्याच्या आयसरमध्ये बसून रावेरजवळच्या सावद्याच्या बागेवर लक्ष ठेवणं अवघड आहे. जनुकांवर प्रयोगशाळेतच काम करायचं असेल, तर मात्र बिनधास्त जा.

बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्याच्या संस्था आपापल्या प्रवर्गातल्या मुलांना फेलोशिप देतात. नंदुरबारच्या आदिवासी मुलामुलींसाठी केंद्राची वेगळी राष्ट्रीय फेलोशिपही आहे. नेट निघालं नाही म्हणून घरी बसलेल्यांसाठी हा मोठा आधार आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीचा हप्ता मात्र कित्येक महिने अडकला होता. तेवढ्यात तिचा मृगबागेतला, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायच्या केळीचा, प्लॉट हातचा गेला, कारण लागवडीचा जून-जुलै कोणासाठी थांबत नाही.

आता शेतकऱ्यापर्यंत पोचण्याचं. हरण्या रोग, म्हणजे काकडीवरच्या मोझॅक विषाणूची लागण, केळीत मावा या किडीमुळे पसरतो. पानावर शिरांच्या रेषेत फिकट पिवळे पट्टे उमटतात, पुढे पोंगा, म्हणजे मधलं न उलगडलेलं पान, सडतो. एकदा लागण झाली की औषध नाही, झाड उपटून नष्ट करावं लागतं. बागेत काकडीवर्गीय पीक नको, हेही शेतकऱ्याला माहीत हवं. ऐन भरातली झाडं उपटून बांधावर टाकणाऱ्या माणसाशी बोलायला दिवस लागतो, आणि त्या दिवसाचे पैसे यातली कोणतीच फेलोशिप वेगळे देत नाही. केंद्राच्या विज्ञान विभागाने 2018 साली पीएचडीच्या विद्यार्थ्यांसाठी 'अवसर' ही लोकांना समजेल अशा लेखाची स्पर्धा सुरू केली होती. तीत पहिलं बक्षीस 1 लाख आणि निवडलेल्या शंभर लेखांना प्रत्येकी 10,000 होते. एकदाच मिळणारे असले, तरी असे पैसे गावभेटींच्या खर्चाला उपयोगी पडतात.

माझा सल्ला स्पष्ट आहे. काम केळी, मिरची किंवा भरिताच्या वांग्यावर असेल, तर जेआरएफ किंवा इन्स्पायर घेऊन खान्देशातच राहा. आणि रुजू व्हायची तारीख मृगबागेच्या आधीची मागून घ्या. तेवढं जमलं नाही तर ऑक्टोबरची कांदेबाग, म्हणजे केळीची दुसरी लागवड, धरा. दोन्ही चुकल्या तर पाचांपैकी एक वर्ष नुसतं वाट पाहण्यात जाईल.