पावसाच्या आकड्यांची विषमता मोजताना: सायपाय, पांडाज, एक्सेल की आर?

मराठवाड्यातील पावसाच्या नोंदींवर काम करणाऱ्याला वितरणाची विषमता, म्हणजेच स्क्यूनेस (आकडे सरासरीच्या एका बाजूला किती ओढले गेले आहेत याचे माप), बहुधा काढावीच लागते. कारण बहुतांश मंडळांत रिमझिम आणि एखाद्याच मंडळात अतिवृष्टी हे इथले नेहमीचे चित्र आहे. अडचण अशी की, त्याच आकड्यांवर निरनिराळी फंक्शन्स निरनिराळी उत्तरे देतात.

समजा, आठ जिल्ह्यांचा एका दिवसाचा पाऊस मिलिमीटरमध्ये २, ३, ३, ४, ४, ५, ५ आणि ३० आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतील सायपाय या लायब्ररीचे फंक्शन विषमता २.२१ सांगते, तिथल्याच पांडाज या लायब्ररीचे २.७६, तर आर या संख्याशास्त्रीय भाषेतील ई१०७१ या पॅकेजचे १.८१, आणि यांपैकी चुकीचे एकही नाही. सायपाय तिसऱ्या केंद्रीय परिबलाला (सरासरीपासूनच्या फरकांच्या घनांच्या सरासरीला) प्रमाण विचलनाच्या, म्हणजे आकड्यांच्या पसरणीच्या मापाच्या, घनाने भागून थांबते. ई१०७१ त्याच भागाकारात नमुन्याचे, म्हणजे एकने कमी संख्येने भागून काढलेले, प्रमाण विचलन वापरत असल्याने उत्तर खाली येते. पांडाज मात्र नमुना लहान असल्याची भरपाई करणारा गुणक लावते. आठ नोंदींना या गुणकामुळे उत्तर सुमारे २५ टक्क्यांनी वाढते; विभागातील ७६ तालुक्यांचे आकडे घेतल्यास वाढ जेमतेम २ टक्के उरते, त्यामुळे तालुकानिहाय काम करणाऱ्याने या फरकाची फारशी चिंता करू नये.

एक्सेलमधील स्क्यू हे पांडाजशी आणि स्क्यू.पी हे सायपायशी जुळते.

माझ्या मते सूत्रापेक्षा रिकाम्या नोंदींचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पर्जन्यमापकाची नोंदच आली नाही, तर पांडाज ती जागा मुकाट्याने वगळते. सायपाय मूळ सेटिंगमध्ये संपूर्ण उत्तरच ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) देते. हे गैरसोयीचे वाटले तरी सुरुवातीला तेच बरे, कारण कोरडा दिवस आणि न आलेली नोंद यांची गल्लत तिथेच उघड होते. (रिकाम्या जागी शून्य भरण्याची सवय तर मुळातूनच मोडावी.)

नमुन्यावरून अंदाज बांधायचा असेल, तर पांडाज घ्यावे. सर्वच तालुके हाताशी असतील, तर सायपाय पुरेसे आहे. प्रबंधात पायथन आणि आर या दोन्ही भाषा वापरायच्या असल्यास सायपायच्या फंक्शनमध्ये बायस फॉल्स आणि ई१०७१ मध्ये टाइप २ हा पर्याय ठेवावा, म्हणजे पांडाज धरून तिन्हीकडे २.७६ हेच उत्तर येईल.