कानाचं मशीन दुरुस्तीला दिलं आणि रिसिव्हरच बदलून आला

पावसाळ्यात कानाची मशीनं रुसतात, हे घरात म्हातारं माणूस असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. नेमक्या त्याच दिवसांत ‘एक्सचेंज मेळा’वाल्यांचे बोर्डही लागतात. माझ्या सासऱ्यांच्या, म्हणजे अण्णांच्या, मशीनचं काय झालं ते लिहिते. कल्याण-डोंबिवलीकडच्यांनी जरूर वाचा, पण असली दुकानं सगळीकडेच आहेत.

अण्णांची दोन्ही मशीनं कानामागे बसणारी. त्यांच्यातून बारीक तार निघते आणि तारेच्या टोकाचा छोटा स्पीकर कानात जातो. त्यालाच रिसिव्हर म्हणतात. जुलैत उजव्या मशीनचा आवाज खोल गेला. ज्या ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञांकडून, मशीनं घेतली त्या नाशिकला, म्हणून स्टेशनजवळच्या ‘मोफत श्रवण तपासणी’ अशी पाटी लावलेल्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने मशीन घेतलं आणि पडद्याआड गेला. बाहेर येऊन म्हणाला, “आत पाणी गेलंय मॅडम, रिसिव्हर जळला. नवीन टाकून देतो.” साडेचार हजार घेतले. बिल मागितलं तर वहीचा कागद फाडून त्यावर ‘सर्व्हिसिंग’ एवढंच लिहून दिलं. अण्णांच्या कानात त्याने डोकावूनसुद्धा पाहिलं नाही.

घरी आल्यापासून अण्णा सांगत होते, तार कानावर बसत नाही, बाहेर फेकली जाते, शिवाय आवाजही कमीच येतो. पुन्हा दुकानात गेलो, तर आता म्हणे मशीनमधला बोर्डच कमजोर झालाय, हे मॉडेल बंद झालंय, 62,000 ची नवी जोडी आज जुनी देऊन 38,000 ला, उद्यापासून ऑफर नाही. हे सगळं बोलणं माझ्याशी. ज्यांच्या कानाचा प्रश्न ते शेजारच्या खुर्चीत बसलेले, त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं. मला सर्वांत संताप त्याचा आला. या धंद्याचं सगळं भांडवल हेच आहे की गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही आणि सोबत आलेल्याला मशीनमधलं काही कळत नाही. दहा हजार ॲडव्हान्स घेऊनच त्यांनी आम्हाला सोडलं.

नवी जोडी घेण्याआधी कानांची नीट तपासणी तरी व्हावी म्हणून एका नोंदणीकृत ऑडिओलॉजिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी आधी दोन्ही कानांत टॉर्च घालून पाहिलं आणि उजव्या कानातला मळ ईएनटीकडून काढून घ्यायला सांगितलं. मग उजवं मशीन भिंगाखाली धरलं आणि मला जवळ बोलावलं. रिसिव्हरवर निळी खूण होती. निळी खूण डाव्या कानाची, लाल उजव्याची. ही रीत सगळ्याच कंपन्यांची. डाव्या कानाच्या तारेचा बाक उलटा असतो, ती उजव्या कानावर बसणारच नाही. वर तो रिसिव्हर ‘मीडियम’, म्हणजे कमी ताकदीचा होता. अण्णांच्या मूळ कागदांवर दोन्ही बाजूंना ‘पॉवर’ लिहिलेलं आहे. जाळीत जुना पिवळा मळ अडकलेला, म्हणजे कुणाचा तरी वापरलेला माल. आमचा चांगला पॉवर रिसिव्हर पडद्याआडच राहिला.

डाव्या मशीनचा आवाजही थोडा उतरला होता. बाईंनी रिसिव्हरच्या तोंडावरची इवलीशी पांढरी जाळी, म्हणजे वॅक्स गार्ड, काडीने ओढून काढली आणि काडीच्या दुसऱ्या टोकाची नवी बसवली. आवाज पूर्ववत. उजव्यालाही मुळात एवढंच झालं असणार असा माझा अंदाज आहे, पण तो रिसिव्हर हातात नसल्यामुळे सिद्ध करता येत नाही.

तेव्हा मशीन मंद झालं की दुकान गाठण्याआधी घरीच पाहा. वॅक्स गार्ड बदला, कंपनीनुसार त्याचा प्रकार वेगळा असतो, तो विचारून ठेवा. पाणी किंवा स्पिरिट अजिबात लावू नका, कोरडं मऊ फडकं आणि सोबत मिळालेला ब्रश पुरतो. बदलायच्या बॅटरीची मशीनं असतील तर नवी बॅटरी घाला. स्टिकर काढल्यावर ती मिनिटभर उघडी ठेवायची, कारण ती हवेवर चालते. आणि एकदा स्टिकर निघाला की वापरा न वापरा, ती उतरतच जाते. सुटी, तारीख खोडलेली पाकिटं घेऊ नका. रात्री बॅटरीचं दार उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा. दाण्यांचा रंग पालटला की दाणे बदला. हेअर ड्रायर तर चुकूनही नको. मशीन चालू करून बंद मुठीत धरलं की शिट्टी वाजते, म्हणजे निदान जीव आहे. काही नव्या मशीनांत शिट्टी दाबलेली असते, तिथे या खुणेवर जाऊ नका.

दुरुस्तीला द्यायचंच असेल तर आधी दोन्ही मशीनांचे सिरियल नंबर, रिसिव्हरची खूण आणि त्यावरची अक्षरं यांचा फोटो काढा. काम समोर करायला सांगा, नाही म्हणाले तर उठा. तपासणारा माणूस आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, नोंदलेला आहे का ते विचारा, नोंदणी क्रमांक असतो. दुसरं मत हवं असेल तर वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासूनची. तिथे गर्दी फार, पण कुणी मशीन गळ्यात मारत नाही.

दुकानदाराला त्या निळ्या खुणेच्या रिसिव्हरचे फोटो दाखवले तर उत्तर मिळालं, “तारा सगळ्या सारख्याच असतात हो.” मग 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. बिल न देणं हा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारातच मोडतो, हेही त्याला ऐकवलं. ॲडव्हान्सचे दहा हजार परत आले. साडेचार हजार आणि आमचा रिसिव्हर अजून त्याच्याकडेच आहेत. आता ग्राहक आयोगात जाणार आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. निळी खूण असलेला तो रिसिव्हर पाकिटात घालून कागदांना जोडला आहे.