फ्लॅशची टोपी की सॉफ्टबॉक्स?

फ्लॅशवर बसणारी पांढरी प्लॅस्टिकची टोपी आणि ६० सेंटीमीटरचा घडीचा सॉफ्टबॉक्स (फ्लॅशपुढे लावायची, तोंडावर पांढरं कापड असलेली पेटी), दोन्ही माझ्या बॅगेत असतात. टोपी घातली की प्रकाश आपोआप मऊ होतो, हा समज मात्र सोडा. सावलीची कड मऊ होणं हे प्रकाशाचा स्रोत चेहऱ्याच्या मानाने किती मोठा दिसतो त्यावर ठरतं, आणि टोपी जेमतेम तळहाताएवढी. ती उजेड चहूकडे फेकते. पांढऱ्या भिंती, बुटकं छत असेल तर तिथून परतलेला उजेड काम करतो. सदाशिव पेठेतल्या एखाद्या छोट्या कार्यालयात झकास. तीच संध्याकाळी सारसबागेत लावा: उजेड आभाळात जातो, बॅटरी धापा टाकते आणि नाकाची सावली तशीच करकरीत.

मागे कसब्यातल्या एका वाड्यात हळदीचे फोटो काढले. वर काळपट लाकडी तुळया, उजेड परतणार कुठून? भाच्याच्या हाती स्टँड देऊन सॉफ्टबॉक्स नवरीपासून हातभर अंतरावर आणला, तेव्हा गालावरची ओली हळद चमकली आणि नथीची सावली ओठावर विरघळली. तोच दोन मीटरवर नेला की पुन्हा कडक. शिवाय अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई.

पण हा जागा खातो. पंगतीत वाढप्यांमधून तो घेऊन फिरलात तर आमटी सांडणार, आणि बोलणी तुम्हालाच. तिथे टोपीच बरी, तीही फ्लॅश छताकडे वळवून. एकच घ्यायचं तर मी सॉफ्टबॉक्स घेईन. भाचा मिळत असेल तर.