आतड्याच्या रक्तपुरवठ्यासाठी सीटी अँजिओग्राफी: पैसे वसूल, पण दोन्ही टप्पे घेतले तरच

पोट फुगलंय, उलट्या थांबत नाहीत, एक्स-रेत लहान आतड्याची फुगलेली वेटोळी दिसतात. अडथळा आहे एवढं यावरून कळतं. आतड्याचा रक्तपुरवठा तुटलाय का, हे कळत नाही. सोनोग्राफीत वायू आड येतो. या एका प्रश्नासाठी आम्ही सीटी अँजिओग्राफीच (शिरेतून डाय, म्हणजे रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून द्यायचं औषध, सोडून केलेलं सीटी स्कॅन) सुचवू. पोट दाबल्यावर फारसं काही लागत नाही आणि रुग्ण मात्र कळांनी तळमळतोय, शिवाय हृदयाचे ठोके अनियमित आहेत, अशा वेळी तर लगेचच.

डाय देण्यासाठी कोपराच्या खळगीतल्या शिरेत हिरवी (१८ गेज) किंवा गुलाबी (२० गेज) सुई हवी. मनगटावरच्या निळ्या सुईतून सेकंदाला ४ मिलीचा वेग मिळत नाही आणि धमन्या फिकट दिसतात. डाय साधारण १०० मिली. पहिलं स्कॅन धमन्या भरताच, दुसरं ७० सेकंदांच्या आसपास. फक्त दुसरं घेतलं तर धमनीतली छोटी गुठळी निसटू शकते, फक्त पहिलं घेतलं तर शिरेतली. बुकिंग करतानाच 'दोन्ही फेज' (टप्पे) असं स्पष्ट सांगावं.

तोंडावाटे डाय नको. त्यात वेळ जातो, उलटी होते आणि आतड्याची भिंत डाय घेतेय की नाही हे झाकलं जातं. टेबलावर आडवं करण्याआधी रायल्स ट्यूब (नाकातून जठरात जाणारी नळी) घालून पोट रिकामं करावं, नाहीतर उलटी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

क्रिएटिनिनच्या (मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्तचाचणीच्या) रिपोर्टसाठी स्कॅन अडवणं आम्हाला पटत नाही. धमनी पूर्ण बंद झाली तर सहाएक तासांत आतडं कायमचं निकामी होऊ लागतं. मूत्रपिंडाचा धोका खरा आहे, पण इथे तो दुय्यम. रक्तातलं लॅक्टेट (ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) नॉर्मल आलं म्हणूनही स्कॅन टाळू नये. सुरुवातीला ते नॉर्मल असू शकतं.

रिपोर्टमध्ये सुपीरिअर मेसेंटेरिक (लहान आतड्याची मुख्य रक्तवाहिनी) धमनी आणि शीर या दोन्हींचा नावानिशी उल्लेख हवा. हृदयातून सुटलेली गुठळी बहुधा धमनीच्या उगमापासून ३ ते ८ सेंमी पुढे अडकते. उगमापाशीच बंद असेल तर बहुधा जुना चरबीचा थर. आतड्याच्या भिंतीत हवा आहे का, हेही लिहिलेलं असावं.

फिल्मवर समाधान मानू नका. १ मिमी जाडीच्या सगळ्या प्रतिमांची सीडी घ्या. धमनीचा उगम बाजूच्या छेदात नीट दिसतो आणि सर्जनला तोच बघायचा असतो.