अमूंगस: दीड वर्ष सोबत खेळल्यानंतर

दीड वर्षात माझ्या टीममधले पाच जण बदलले, काही तर तीन-तीनदा. सहावी जागा मात्र पहिल्या महिन्यापासून एकाचीच आहे, ती म्हणजे अमूंगस या पोकेमॉनची. 'पोकेमॉन स्कार्लेट' या व्हिडिओ गेममध्ये रँक्ड डबल्स, म्हणजे क्रमवारीसाठीचे जोडीचे सामने, खेळणाऱ्यांपैकी बरेच जण मला विचारतात की हा घ्यावा का, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टीम सहा जणांची, त्यातले चार निवडून उतरवायचे. मैदानात एका वेळी आपले दोन आणि समोरचे दोन. सगळे लेव्हल ५० वर धरले जातात आणि प्रत्येक चालीला ४५ सेकंद मिळतात. मी पतसंस्थेत नोकरी करते. रात्री साडेदहाला घर शांत झालं की तीन-चार सामने खेळते. हा खेळ ज्यावर चालतो तो स्विच दिरांनी दुबईहून आणला होता, खरं तर मुलासाठी. त्याला त्यात रस वाटला नाही, मला वाटला.

अमूंगस म्हणजे चालतीबोलती अळंबी. गवत आणि विष असे त्याचे दोन प्रकार, आणि डोक्यावरची टोपी हुबेहूब पोकेमॉन पकडायच्या पोकेबॉलसारखी. माझं माहेर सिंधुदुर्गातलं. पावसाळ्यात गोठ्यामागे उगवणाऱ्या, न खायच्या भूछत्रांना आम्ही कुत्र्याची छत्री म्हणायचो आणि शाळेत जाता-येता पायाने उडवायचो. म्हणून मी त्याचं नाव 'छत्री' ठेवलं, आणि तेव्हापासून माझ्या तोंडी तो 'ती' झाला. इथून पुढे 'ती' वाचलंत की अमूंगस समजा.

आता आकडे. वेग ३०. संपूर्ण खेळात इतके मंद फार थोडे असतील. हल्ला ८५, विशेष हल्ला ८५, म्हणजे साधारणच. बचाव ७० आणि विशेष बचाव ८०, हेही डोळे दिपवणारे नाहीत. एकच आकडा मोठा आहे, तो जीवाचा, म्हणजे किती मार सोसता येतो त्याचा: ११४. पूर्ण मेहनत घेतली तर लेव्हल ५० वर २२१ जीव होतो. सगळ्याची बेरीज ४६४. कागदावर पाहिलं तर कुणी हात लावणार नाही. माझ्या भाच्याने पहिल्यांदा ही बेरीज पाहिली आणि म्हणाला, "मावशी, अगं ही कुणाला मारणार?"

कुणालाच नाही. तिला घ्यायचं ते शेजारच्यासाठी. तिच्या बाजूला जो उभा आहे त्याला ती एक मोकळा टर्न मिळवून देते, आणि डबल्समध्ये एका मोकळ्या टर्नची किंमत काय असते ते खेळल्याशिवाय कळत नाही.

सगळे आधी स्पोरबद्दल बोलतात. स्पोर म्हणजे समोरच्याला झोपवणं, आणि ते शंभर टक्के लागतं. स्लीप पावडर हीच गोष्ट करते, पण तिची अचूकता ७५. झोप एक ते तीन टर्न टिकते. ऐकायला भयंकर वाटतं आणि पहिले दोन महिने मीही दर टर्नला स्पोरच दाबत होते. पण अमूंगस इतकी मंद आहे की तिची पाळी येईपर्यंत समोरच्याने आपलं काम उरकलेलं असतं. शिवाय स्पोर ही पावडरच, आणि गवत प्रकारच्यांना पावडर लागत नाही, सेफ्टी गॉगल्स घातलेल्यांना लागत नाही, आणि जमिनीवर उभ्या असलेल्यांना इलेक्ट्रिक किंवा मिस्टी टेरेनमध्ये (मैदानावर काही टर्न पसरणारा प्रभाव) झोप येत नाही. गवत प्रकारचा रिलाबूम समोर आला की स्पोर आणि तिची दुसरी चाल रेज पावडर दोन्ही त्याच्यापुरत्या निकामी. माझं मत असं की स्पोर हा धाक म्हणून जास्त उपयोगी आहे. छत्री मैदानात दिसली की समोरचा दोन्हीपैकी कुणाला प्रोटेक्ट करू (त्या टर्नपुरतं वाचवू) या विचारात पडतो, आणि त्याची अर्धी ४५ सेकंदं तिथेच जातात. फक्त ट्रिक रूम ही चाल लागू असताना चित्र उलटं होतं. तिथे मंद असणारे आधी चालतात, आणि मग तिच्या स्पोरला उत्तर देणं खरंच कठीण जातं.

तिचा खरा जीव रेज पावडरमध्ये आहे. ती ही पावडर उडवते आणि त्या टर्नला समोरच्यांचे एकेकट्यावर केलेले सगळे हल्ले तिच्या अंगावर येतात. या चालीला अग्रक्रम आहे, त्यामुळे वेग ३० असला तरी ती हल्ल्यांच्या आधी घडते. पाणी, वीज, लढाऊ आणि परी या प्रकारांचे हल्ले तिच्यावर निम्मेच लागतात, गवताचे तर पाव. म्हणजे शेजारी असा कुणी उभा करायचा की ज्याला यांतल्या एखाद्याची भीती आहे, आणि ती भीती छत्रीने अंगावर घ्यायची. माझ्याकडे ती जागा आयर्न हँड्स या पोकेमॉनची आहे. त्याला परी प्रकार झेपत नाही, हिला निम्माच लागतो.

एक सामना सांगते, कारण त्याशिवाय हे पटणार नाही. समोर फ्लटर मेन आणि पाणी प्रकारचा उर्शिफू हे दोन पोकेमॉन. दोघेही वेगवान, दोघेही एका टर्नमध्ये होत्याचं नव्हतं करणारे. माझ्याकडे छत्री आणि आयर्न हँड्स. उघड होतं की दोघे मिळून आयर्न हँड्सवरच तुटून पडणार. मी छत्रीला रेज पावडर दिली आणि आयर्न हँड्सला स्वॉर्ड्स डान्स, म्हणजे त्याचा हल्ला दुप्पट.

फ्लटर मेनने मूनब्लास्ट सोडला. तो वळून छत्रीवर आला आणि तिचा साधारण पाव जीव गेला. मग उर्शिफूचा सर्जिंग स्ट्राइक्स. हा एकामागून एक तीन ठोसे मारतो आणि तिन्ही वर्मी बसतात. तेही छत्रीवरच. पण छत्रीच्या डोक्यावर रॉकी हेल्मेट होतं. जो अंगाला भिडून मारेल, त्याचा दर ठोशाला एक षष्ठांश जीव जातो. तीन ठोसे, तीन षष्ठांश. उर्शिफू स्वतःच्याच हल्ल्याने अर्धा झाला. छत्री जवळपास अर्ध्या जीवावर उभी होती, आणि आयर्न हँड्सला ओरखडाही नव्हता.

पुढच्या टर्नला मी चाळीस सेकंदं घेतली. पुन्हा पावडर उडवायची हा सोपा विचार होता. पण समोरचा आता शहाणा झाला होता. त्याला कळलं होतं की छत्रीला ठोसे मारणं परवडत नाही. तो उर्शिफूला वाचवणार आणि फ्लटर मेनकडून डॅझलिंग ग्लीम मारणार, असं मला वाटलं. ग्लीम एकदम दोघांवर पडतो, आणि जे हल्ले दोघांवर पडतात ते पावडरने वळत नाहीत. म्हणून मी पॉलन पफ निवडला, आपल्याच आयर्न हँड्सवर. शत्रूवर मारला तर पॉलन पफ हल्ला असतो, जोडीदारावर मारला तर त्याचा अर्धा जीव भरून देतो.

तसंच झालं. उर्शिफूने डिटेक्ट करून स्वतःला वाचवलं. ग्लीम पडला, आयर्न हँड्सचा जीव एक तृतीयांशाच्या आसपास आला. त्याने वाइल्ड चार्ज केला आणि फ्लटर मेन गेला. आणि सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यात मंद, छत्रीने परागाचा गोळा फेकला आणि आयर्न हँड्सचा अर्धा जीव परत आला. हाच पफ वेगवान कुणी टाकला असता तर आयर्न हँड्स आधीच भरलेला होता, म्हणजे वाया गेला असता. मार खाऊन झाल्यावर मलम लावायचं तर लावणारा मागून आलेला बरा. त्या रात्रीपासून मी तिच्या वेगाकडे दोष म्हणून पाहणं सोडलं. उलट तिचा वेग आणखी कमी कसा होईल ते पाहायला लागले. वेग घटवणारा स्वभाव आणि वेगाचा जन्मजात आकडा शून्य असेल तर लेव्हल ५० वर तो ३१ पर्यंत खाली जातो. जन्मजात आकडा ३१ असेल तर ४५ वर अडतो. समोरही अमूंगस असेल आणि ट्रिक रूम चालू असेल, तर हा चौदाचा फरक कोण आधी चालणार ते ठरवतो.

रीजनरेटर या तिच्या गुणाबद्दल एकच सांगते: हाच घ्या, दुसरा कुठला नको. मैदानातून परत बोलावलं की तिचा एक तृतीयांश जीव भरतो. २२१ पैकी ७३. मार खायचा, आत जायचं, ताजं होऊन यायचं. चांगल्या सामन्यात मी तिला दोनदा आत घेते, म्हणजे जवळजवळ दीडशे जीव फुकटात मिळतो.

आता खर्च. फुंगस, म्हणजे अमूंगसचं आधीचं रूप, मिळवणं अवघड नाही. टॅगट्री थिकेटच्या झाडीत जमिनीवर पडलेला पोकेबॉल उचलायला गेलात की तो फुंगस निघतो. लेव्हल ३९ ला त्याची अमूंगस होते. रीजनरेटर हा लपलेला गुण असल्याने साध्या फुंगसला तो आणायला अॅबिलिटी पॅच लागतो, आणि तो मुख्यतः कठीण रेड्समधून (चौघांनी मिळून खेळायच्या लढतींतून) मिळतो. माझे त्यात दोन आठवडे गेले. स्वभाव बदलायच्या मिंटला २०,०००. जीव वाढवायच्या बाटलीला १०,०००, आणि मेहनतीचे गुण २५२ पर्यंत न्यायला अशा २६ बाटल्या. म्हणजे फक्त जीवासाठी २,६०,०००. खेळातलेच पैसे आहेत, पण ते मिळवायला अॅकॅडमीची स्पर्धा परत परत खेळावी लागते. टेरा म्हणजे सामन्यात एकदा आपला प्रकार बदलणं. तो टेरा प्रकार बदलायचा तर खेळातल्या मेडाली गावच्या खानावळीत ५० शार्ड्स द्यायचे. मी पाणी निवडलं. गवताला जाळणारी आग आणि गोठवणारा बर्फ दोन्ही पाण्यावर निम्मे लागतात. पण टेरा केल्यावर ती गवत प्रकारची राहत नाही. मग समोरच्याची पावडर तिलाही लागते. हे मी एका महत्त्वाच्या सामन्यात विसरले, माझीच छत्री झोपी गेली आणि सामना गेला. फार वाईट वाटलं होतं. तुम्ही विसरू नका.

तिच्या उणिवा खऱ्या आहेत. टॉन्ट (फक्त हल्लेच करू देणारी चाल) लागला की स्पोर, पावडर, प्रोटेक्ट सगळं बंद, आणि टोर्नेडस हा पोकेमॉन हे काम सगळ्यांच्या आधी करून मोकळा होतो. त्यावर मेंटल हर्ब ही वस्तू आहे, पण हर्ब दिला की हेल्मेट काढावं लागतं. फेक आउट (उतरल्या टर्नला समोरच्याला थबकवणारी चाल) रेज पावडरच्याही आधी लागतो, त्यामुळे ती चाल वापरणारा इन्सिनरोर नुकताच उतरला असेल त्या टर्नला तिच्यावर विसंबू नका. उडणारे आणि मानसिक प्रकारचे हल्ले तिला दुप्पट लागतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शेजारचा गेला की तिची ताकद संपते. शेवटी ती एकटी उरली तर सामना हरलात असंच समजा. मी अशी एकटी उरून जिंकल्याचं मला आठवत नाही.

म्हणून जो एकट्याने सगळं मारून काढायच्या पद्धतीने खेळतो त्याला मी ती सुचवणार नाही. समोरचा काय करणार याचा अंदाज बांधण्यात ज्याला आनंद आहे, त्याने मात्र नक्की घ्यावी. ही पद्धत फक्त हौशी लोकांची नाही. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत, वॉशिंग्टनला, दक्षिण कोरियाचा सेजुन पार्क पचिरिसू घेऊन विजेता झाला. पचिरिसू म्हणजे एवढीशी खार, आकड्यांत अमूंगसहूनही लहान. तिचं काम हेच होतं, फॉलो मी म्हणत हल्ले स्वतःवर ओढून घेणं. त्या अंतिम सामन्याची चित्रफीत मी कितीदा पाहिली असेल. दर वेळी खार उभी राहते आणि प्रेक्षक ओरडतात, आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा येतो.

पाचपैकी साडेचार तारे देते. अर्धा टॉन्टसाठी कापला.

भाचा पुण्यात असतो, नववीत आहे. त्याची टीम अजूनही सहाच्या सहा हल्लेखोरांची. गेल्या महिन्यात सलग नऊ सामने हरला तेव्हा त्याचा फोन आला. "मावशी, तुझ्याकडे जास्तीचा फुंगस आहे का गं?" मी अंडी उबवत बसले. चौऱ्याऐंशीव्या अंड्यातून शून्य वेगाचा एक निघाला. त्याला पॅच लावला, मिंट दिली, हेल्मेट चढवलं आणि रविवारी दुपारी पाठवून दिला. संध्याकाळी भाच्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. उर्शिफू अर्धा झालेला, आणि छत्री उभी.