बोटीवरचा गॅस: सव्वासात हजारांत काय घेतलं

आमची मासेमारीची बोट हर्णे बंदरातली. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, धरून आठ माणसं, एक फेरी पाच-सहा दिवसांची. दोन वेळचं जेवण आणि मधला चहा, सगळं गॅसवर.

मागच्या हंगामात पहाटे इंजिन सुरू करायला गेलेला खलाशी खाली वाकला आणि ओरडत वर आला, "वास येतोय!" उभं राहिलं की काहीच कळत नव्हतं, वाकलं की नाकात शिरत होता. हा गॅस हवेपेक्षा जड. घरात तो खिडकीतून निघून तरी जातो. बोटीत गळला की तळात, इंजिनाखालच्या पाण्यावर जाऊन बसतो. तांडेलाने कुणाला बटणाला हात लावू दिला नाही. पंप नाही, दिवा नाही, पंखा नाही. सिलेंडर बंद केला, सगळी झाकणं उघडली आणि रिकाम्या बादल्यांनी, पाणी उपसावं तसा, खालचा गॅस उपसून बाहेर ओतला. दोन तास आम्ही वाऱ्यावर वाहत होतो. गळती सापडली ती हिरव्या प्लास्टिकच्या नळीत. एका दुकानदाराने "सगळे हीच नेतात" म्हणून ती मला दिली होती. क्लिपजवळ नखाएवढी चीर पडली होती.

यंदा जून-जुलैच्या मासेमारीबंदीत सगळं नव्याने घेतलं, सिलेंडर सोडून ७,२६० रुपयांत.

पहिली नळी. नारिंगी रबराची, आत तारेची जाळी असलेली सुरक्षा नळी, आय.एस. ९५७३ हा भारतीय मानकाचा क्रमांक आणि तारीख छापलेली. दीड मीटर, १९० रुपये. सगळ्या खरेदीत सर्वांत स्वस्त वस्तूंपैकी ही, आणि सर्वांत मोलाची. क्लिपा मात्र स्टेनलेसच्याच घ्या. साध्या क्लिपा खाऱ्या हवेत एका हंगामात गंजून सुटतात. दोन्ही मिळून १२० रुपये.

सिलेंडर इंडियन ऑइलचा पाच किलोचा छोटू. ओळखपत्र दाखवलं की मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. घरचा लाल सिलेंडर बोटीवर नेणं कायद्यात बसत नाही, आणि तो डोलत्या डेकवर हलवणंही कठीण. छोटू एका हाताने उचलता येतो. आमच्या माणसांना एक साधारण सहा दिवस पुरतो, म्हणून दोन ठेवतो. घेताना कड्याखालच्या पट्टीवरची, पुढच्या चाचणीच्या मुदतीची खूण बघा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढे वर्ष. ती मुदत उलटलेला सिलेंडर परत करा. रेग्युलेटर तिथूनच त्याला बसणारा घ्या, दुसऱ्याचा जुळवत बसू नका.

सर्वांत जास्त विचार केला तो पेटीचा. केबिनच्या मागे डेकवर वेल्डरकडून पत्र्याची पेटी करून घेतली, १,८०० रुपये. वरून झाकण, आत सिलेंडर उभे बांधलेले, आणि तळाला दीड इंची पाइप, थेट बोटीबाहेर. काही गळलं तर ते समुद्रात जाईल, आमच्या तळात नाही. नळी केबिनच्या भिंतीतून जाते तिथे रबराची वाशर घातली आहे, नाहीतर पत्र्याची धार तिला महिन्यात कापेल.

शेगडी साधी स्टीलची, दोन बर्नरची, आयएसआय शिक्क्याची, २,१०० रुपये. काचेची घेऊ नका, लाटेत भांडं आपटलं की संपलं. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस चालूच राहतो, ही हिची खरी उणीव. म्हणून तिन्ही बाजूंनी पत्रा लावला आणि स्वयंपाक झाला की सिलेंडरवरूनच बंद करायचं, हा नियम केला.

गळतीचा अलार्म १,६५० रुपयांना घेतला, बोटीच्या बॅटरीवर चालणारा. तो छताजवळ नव्हे, जमिनीपासून वीतभर उंचीवर लावायचा. पण मी त्याच्या भरवशावर राहत नाही. दर फेरीआधी गोड्या पाण्यात साबण कालवून प्रत्येक जोडावर फिरवतो. पहिल्याच वेळी रेग्युलेटरपाशी मोहरीएवढे बुडबुडे आले, क्लिप अर्धा फेरा आवळल्यावर थांबले. आगीसाठी पावडरचं चार किलोचं यंत्र, १,४०० रुपये, केबिनच्या दाराबाहेर टांगलं आहे. शेगडीपाशी ठेवलं तर आगीच्या वेळी हात पोहोचणार नाही.

नळीवर पाच वर्षं छापली आहेत. खाऱ्या हवेत मी तीनच धरतो. बदलायची तारीख तांडेलाने केबिनच्या दारावर पांढऱ्या रंगाने लिहून ठेवली आहे.